तुझं नाव एखाद्या बाळाला मिळो

मॉन्ट्रियलमध्ये आमच्या घराचा लोखंडी जिना रस्त्यावरूनच वर चढतो. हिवाळ्यात त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकायचं काम माझं. त्या दिवशी मीठ टाकता टाकता मी मोठ्याने शाप घोकत होते. आजीकडून यिडिश, म्हणजे आम्हा ज्यूंच्या जुन्या बोलीतले, शाप जमवायचा मला नादच लागलाय. आमचे शाप आशीर्वादासारखे सुरू होतात, तीच तर गंमत: "तुझ्या घरी रोज मेजवानी होवो, आणि रोज तुझी दाढ ठणको."

खालच्या मजल्यावरच्या फ्रादेबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"शब्दांनी काय होतं ग?"

"काही नाही. शब्द म्हणजे हवा."

"हुशार आहेस." त्यांनी माझी हनुवटी धरली. बोटांना ओल्या लोकरीचा वास येत होता. "तुझं नाव लवकरच एखाद्या बाळाला मिळो."

किती गोड! आशीर्वादाला म्हणतात तसं मी चटकन 'आमेन' म्हणून टाकलं.

आजी मासा चिरत होती. तिला सांगितलं, तर सुरी थांबली.

"आमेन म्हणालीस?"

"मग काय, थँक्यू म्हणू?"

"ब्लुमा, आपल्यात बाळाला नाव कुणाचं देतात?"

मेलेल्या माणसाचं. फक्त मेलेल्याचं.

मला हसू आलं. आजीने मात्र माझ्यावरून तीनदा थू थू केलं. "आमेन परत घेता येत नाही, बाळा."

त्याच आठवड्यात मावशीला मुलगी झाली. नाव पणजीचं, हे आधीच ठरलेलं. मी भेटायला गेले, तर मावशी पाळण्यात बघून म्हणत होती, "ब्लुमा, झोप ना ग."

"मावशी, मी इथे आहे."

तिने उठून खिडकी लावली. वारा येतोय, म्हणाली.

शाळेत हजेरी घेताना बाईंनी माझं नाव गाळलं. मी हात वर केला. तास संपेपर्यंत वरच ठेवला.

घरी आईने पानं मांडली, त्यात माझं नव्हतं. आजीने तेवढी माझ्यासाठी बशी आणली आणि सूप वाढलं.

शनिवारी मावशीचे यजमान, म्हणजे काका, प्रार्थनामंदिरात बाळाचं नाव पुकारायला पुढे गेले. वर बायकांच्या सज्जात मी आजीचा हात घट्ट धरला होता.

"पणजीचं म्हण," आजी पुटपुटत होती. "पणजीचं म्हण रे."

काकांनी नाव घेतलं.

ब्लुमा.

आजीचं पुटपुटणं थांबलं.

शेजारच्या बाईंनी वाकून विचारलं, "कुणाचं हो नाव?"

"माझ्या नातीचं," आजी म्हणाली. "फार बडबडी होती."

मग तिने माझ्या मुठीतून हात काढून घेतला आणि थंडी वाजल्यासारखी बोटं चोळली.