दहा लाख बावीस हजार एकशे सतरा

कॉलेजातला तिचा पहिलाच दिवस. जिना चढता चढता ती अशी थबकली की मागून येणारी मुलं तिच्यावर आदळायचीच राहिली. समोरच्या भिंतीवर माणसाएवढे उंच आकडे रंगवले होते: १०२२११७. त्याखाली ठसठशीत अक्षरात, ‘मूळ संख्या’. आणि शिडीवर उभा एक दाढीवाला तरुण शेवटच्या सातावर निळ्या रंगाचा हात फिरवत होता.

“अहो… ही मूळ नाहीये.”

ब्रश हवेतच राहिला. “कोण म्हणतं?”

“मी. आजपासून इथं गणित शिकवणार आहे.”

“मी चार वर्षं शिकवतोय,” तो वाकून हसला. “एक आणि ती स्वतः, एवढं सोडून कुणी हिला भागून दाखवावं.”

त्या हसण्यानं ती क्षणभर गडबडली. पण आकडे डोळ्यांसमोरून हटेनात. “एक हजार अकराचा वर्ग दहा लाख बावीस हजार एकशे एकवीस. तुमची संख्या त्याहून चारनं कमी, आणि चार हा दोनाचा वर्ग. दोन वर्गांची वजाबाकी… म्हणजे एक हजार नऊ गुणिले एक हजार तेरा.”

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो शिडीवरच मटकन बसला. “हजारापर्यंतचे सगळे भाजक तपासले होते मी,” तो पुटपुटला. “म्हटलं, आता काय राहिलंय…”

“नऊच राहिले होते,” ती बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

त्याला नोकरीत कायम करायचं की नाही, हे ठरवणारी मंडळी तासाभरात गणिताचं प्रदर्शन बघायला येणार होती. हे त्यानंच सांगितलं. “मी कुणाला सांगणार नाही,” ती हळूच म्हणाली.  तो नुसता बघत राहिला तिच्याकडे…

मंडळी आली, जिन्यावर गर्दी झाली. आणि तो सरळ पुढे होऊन म्हणाला, “ही संख्या मूळ नाही. चूक माझी आहे. या नव्या बाईंनी पकडली.”

 सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. त्यानं खडू पुढे केला. घेताना त्याच्या बोटांवरचा ओला निळा रंग तिच्या बोटांना लागला. तिनं सगळं समजावून सांगितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. प्राचार्य मात्र त्याला एवढंच म्हणाले, “पुढच्या वर्षी बघू.”

संध्याकाळी तो ‘मूळ’ खोडून ‘संयुक्त’ लिहीत होता. ती शिडीपाशी येऊन उभी राहिली.

“माझ्यामुळे तुमचं—”

“तुमच्यामुळे मी खोटं शिकवायचा वाचलो.” तो खाली उतरला. जरा घुटमळला. “रोज याल का? बाकीच्या भिंतीही तपासून हव्यात.”

तिनं वळून जिनाभर नजर फिरवली. “पण… बाकीच्या भिंती कोऱ्या आहेत.”

“माहितीये,” तो म्हणाला.

सकाळपासून एवढा धक्का तिला बसला नव्हता. 

“उद्या… किती वाजता येऊ?”