छत्रीवाल्याचा अकरावा भाग

ही गोष्ट मी रंगवून सांगणार नाही. माझ्याच घरात घडली आहे, आणि जिच्याबद्दल आहे ती माझी आई आत्ता पलीकडच्या खोलीत झोपली आहे.

अमावस्या नव्हती, रात्रही नव्हती. सगळं भर दुपारी घडलं. जानेवारी-फेब्रुवारी २००८, नाशिक, पंचवटीतला आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट.

घरात आम्ही तिघंच. आई, मी आणि सनीदादा. बाबा आम्ही लहान असतानाच गेले.

तापाच्या औषधांनी आई ठार बहिरी झाली होती. कानाशी थाळी आपटली तरी तिला कळायचं नाही. सिरियलची तिला भारी हौस, पण आवाजच नाही म्हटल्यावर पाच मिनिटांत उठून जायची.

दादाला जपानी सिरियलचं वेड होतं. रात्री दोननंतर इंटरनेट फुकट, म्हणून डाउनलोड लावून झोपायचा. कुठल्या कुठल्या हौशी लोकांनी इंग्रजी सबटायटल करून टाकलेले असायचे. एक दिवस त्यानं ती सबटायटलची फाइल नोटपॅडमध्ये उघडली आणि एकेक वाक्य मराठीत करायला बसला.

आईसाठी.

सिरियल एकदम विचित्र. सरकारी ऑफिसातला एक कारकून, काम एकच, हरवलेल्या छत्र्या सांभाळायच्या. तो त्या छत्र्यांशी बोलतो आणि दर भागात एक छत्री मालकाला परत करतो. दादानं त्याच्या तोंडी आमच्या सटाण्याच्या जयराममामाची गावरान मराठी घातली होती. साहेबाचं नाव ठेवलं रंगनाथ. तो जपानी हिरो "लय ताप दिला या छत्रीनं" म्हणायचा आणि आई डोळे पुसेपर्यंत हसायची.

आई प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायची. आणि दादा तिच्यासाठी आवाजही लिहायचा. दार वाजलं. कुत्रा भुंकतोय. फोन वाजतोय.

एकूण अकरा भाग होते. दादानं सात केले.

रविवार, २० जानेवारी. दादा मामाकडून बाइकवर परत येत होता. आम्ही दोघी सातवा भाग बघत होतो. सव्वाचारला माझा मोबाइल वाजला. दादा. तो नेहमी मध्येच फोन करून विचारायचा, "आई कुठं हसली?" भाग रंगात आला होता. मी फोन कापला.

पुन्हा वाजला. कापला.

तिसऱ्यांदाही...

भावडबारी घाटाच्या पुढे त्याची बाइक घसरून रस्त्याकडेच्या चारीत गेली होती. दीड तासानं एका ट्रॅक्टरवाल्याला तो दिसला. तोवर सगळं संपलं होतं. त्याचा मोबाइल कोणाला सापडला नाही. मी माझ्या मोबाइलमधले ते तीन कॉल पुसून टाकले. आईला हे कधीच कळू नये, एवढंच मला हवं होतं.

दहाव्याला रामकुंडावर पिंडाला कावळा शिवेना. तास झाला. कावळे समोरच्या भिंतीवर बसलेले, पण एकही खाली येईना.

मामा त्याच्या अहिराणीत मला म्हणाला, "त्याना जीव कशामा तरी अडकेल शे, पोरी. काय ते बोल."

मला एकच सुचलं. हात जोडून म्हटलं, "दादा, तुझी सिरियल आईला शेवटपर्यंत दाखवीन."

कावळा लगेच आला.

आठवा भाग मी स्वतः मराठीत केला. दोन दिवस लागले. साधं सरळ भाषांतर, मला दादासारखं कुठलं जमायला. दुपारी तीनला लाइट आली तशी आईला खुर्चीवर बसवलं आणि लावला.

पडद्यावर सगळी प्रश्नचिन्हं.

फाइल सेव्ह करताना एक पर्याय बदलावा लागतो, नाहीतर मराठी अक्षरं जाऊन नुसती प्रश्नचिन्हं उरतात. दादानं दहादा सांगितलं होतं, तरी विसरलेच. मी बंद करायला उठले...

आई वाचायला लागली.

"लय दमलो रंगनाथ साहेब, आता या छत्रीलाच खुर्चीवर बसवा."

मी स्क्रीनकडे बघितलं. प्रश्नचिन्हं. आईकडे बघितलं. तिचे डोळे नेहमीसारखे डावीकडून उजवीकडे सरकत होते. असं काही मी लिहिलंच नव्हतं. हे दादाचं बोलणं होतं.

आणि आई हसली. दहा-बारा दिवसांत पहिल्यांदा. मला बंद करवेना. मी तिच्या शेजारी बसून रडले.

नववा भाग मी नीट सेव्ह केला. अक्षरं स्वच्छ दिसत होती. आईनं दोन ओळी वाचल्या आणि तोंड वाकडं केलं.

"हे कोणी लिहिलंय? परवासारखं लाव."

मी पुन्हा प्रश्नचिन्हं करून आणली. आई खूश. वाचत राहिली. मी ओट्यापाशी चहा टाकत होते. हॉलमधून जपानी बोलणं आणि त्यावर आईचा आवाज ऐकू येत होता. मग जपानी बोलणं थांबलं.

आईचं थांबलं नाही.

"फोन वाजतोय."

मी डोकावले. पडद्यावर तो कारकून एकटा बाकावर बसला होता. फोन कुठंच नव्हता. खाली प्रश्नचिन्हंसुद्धा नव्हती.

"फोन वाजतोय," आई पुन्हा म्हणाली.

थोड्या वेळानं... "फोन वाजतोय."

तीनदा. माझ्या हातातली गाळणी खाली पडली. आई नेहमीच्या चेहऱ्यानं पुढं बघत होती.

तिथंच थांबायला हवं होतं. पण मी रामकुंडावर शब्द दिला होता, आणि आई रोज सकाळी विचारायची, दहावा कधी?

मंगळवारी दहावा लावला. निम्मा भाग सुरळीत गेला आणि लाइट गेली. लोडशेडिंगची वेळ नव्हती. यूपीएस टीं टीं करत राहिला. मग तोही बंद पडला. स्क्रीन काळी.

घर एकदम शांत...

आई उठली नाही. काळ्या काचेवर तिचे डोळे सरकत होते.

"थंडी वाजतेय. पाय हलत नाही."

मी तिचा खांदा धरून हलवला. तिनं माझा हात बाजूला केला.

"फोन वाजतोय. कापला. फोन वाजतोय. कापला." तिचे डोळे खालच्या ओळीवर गेले. "शेवटचा करतो. उचलेल ती."

मग ती माझ्याकडे वळली. चिडली होती, सिरियलमधल्या एखाद्या दुष्ट बाईवर चिडावं तशी.

"अगं, हा तिकडं मरतोय आणि ती फोन कापते! कोण आहे गं ती? अजून दाखवलीच नाही."

माहीत नाही, अशी मी मान हलवली.

"पुढच्या भागात दाखवतील," आई म्हणाली.

त्याच संध्याकाळी मी हार्ड डिस्क काढून कपाटात सगळ्यात वर, जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवली. आईला खुणेनं सांगितलं, कॉम्प्युटर बिघडला. अकरावा भाग मी तिला दाखवला नाही. दिलेला शब्द मोडला. त्यानंतर दादाच्या एकाही श्राद्धाला आमच्या पानाला कावळा शिवलेला नाही.

आई मात्र विसरली नाही. भाजी निवडता निवडता विचारायची, "तेजू, ती फोन कापणारी कोण निघाली गं?" मी पाठ फिरवायचे. अशी सतरा वर्षं गेली.

गेल्या महिन्यात शाळेत शिकवून घरी आले, तर हॉलमधून आईचा आवाज येत होता. ती कोणाशी बोलत नव्हती. वाचत होती. टीव्ही बंद होता, आणि ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली होती.

काय वाचत होती ते मला नीट ऐकू आलं नाही. मी दारात उभी राहिले तशी ती थांबली. खूप वेळ माझ्याकडे बघत राहिली.

मग म्हणाली, "संपली."

"काय?" मी खुणेनं विचारलं.

"सिरियल."

त्या दिवसापासून तिनं मला एकदाही विचारलेलं नाही, ती कोण निघाली. जेवते, गोळ्या घेते, पण माझ्याशी फार बोलत नाही. विचारायची माझी हिंमत होत नाही. खरं सांगते, मला माझ्याच आईच्या खोलीत जायची भीती वाटते.

आणि एक गोष्ट.

माझा मोबाइल वाजला की, काहीच ऐकू येत नसताना, ती त्याच्याकडे वळून बघते. घरात कुठंही असला तरी. आणि एकच शब्द म्हणते.

"उचल."

काल म्हणाली तेव्हा मोबाइल माझ्या पर्समध्ये होता. सायलेंटवर.