दम येईपर्यंत

मलिकाभाभींचा डबा रिकामा कसा परत करायचा, म्हणून सत्यशीलाबाईंनी त्यात ओंजळभर मुगवड्या घातल्या आणि दिवस कलताना त्या शेजारच्या फाटकातून आत शिरल्या. डब्याचं निमित्त. आठवडाभर रोज सांजेला भाभी अंगणातल्या सिमेंटच्या टाक्याशी ओणव्या होऊन काय करतात, ते भिंतीवरून नीट दिसत नव्हतं. आणि न दिसलेली गोष्ट सत्यशीलाबाईंना पचत नसे.

अख्ख्या बोरी अरब गावात पान हलत नव्हतं. लाइन गेलेली. टाक्यापाशी मात्र गारवा होता, आणि एक वास. ओला, खारट, गंजक्या लोखंडासारखा.

भाभींचे हात कोपरापर्यंत पाण्यात होते.

"काय धुवून राह्यल्या, भाभी?"

"धुत नाही. धरून हाय... हळू बोला."

सत्यशीलाबाईंनी वाकून पाहिलं. नुसतं पाणी. अय्याज भाभींचा एकुलता एक. मोटारपंप दुरुस्त करणारं पोरगं, ते पार अंदमानला गेलं. हौशी लोकांना गळ टाकायला समुद्रात नेणाऱ्या बोटीवर, इंजिन सांभाळायला. हिवाळ्यात वादळात बोट उलटली. बाकीचे सापडले, अय्याज नाही. भाभींनी जनाज्याची नमाज होऊ दिली नाही की मेलेल्याच्या नावाची फातेहा. जेवणही सुटलं होतं. गल्लीला धास्ती होती, आता ही बाईही जाते.

मागच्या ईदेला अय्याजनं मोबाइलवर कोकर मासा दाखवला होता. बोकडाएवढा, चांदीच्या पत्र्यासारखा. हौशी माणूस घाम गाळून त्याला ओढतो, फोटो काढतो आणि सोडून देतो.

"एवढी मरमर करून सोडून देतेत?" सत्यशीलाबाई हसल्या होत्या. "रस्सा तरी करा ना बापा!"

"काकू, दमलेला असते थो. तसाच सोडला तं बुडून मरते. तोंड धारेकडं करून पाण्यात धरा लागते. दम आला का सोताच शेपटी मारून जाते. तवरक हात काढाचा नाही."

मासा बुडून मरतो, यावर सगळी गल्ली चार दिवस हसली होती.

मशिदीतून अजान आली. भाभी मान न वळवता म्हणाल्या, "मी नमाज पढून येतो. तवरक तुमी धरा, बाई. थोडाच दम बाकी हाय त्याचा... आज जाईन थो."

दुःखातल्या माणसाला नाही कसं म्हणावं? सत्यशीलाबाईंनी बाह्या सारल्या आणि हात पाण्यात घातले.

आधी काहीच नव्हतं. मग तळव्यांवर ओझं आलं. सावकाश. झोपलेलं लेकरू मांडीवर जड होत जावं तसं. थंडगार, आणि आत कुठेतरी बारीक धडधडणारं. पाणी काळं झालं होतं. त्या ओझ्यानं हळूच कूस बदलली, आणि त्यांच्या मनगटाला काहीतरी बिलगलं... अगदी भरवशानं.

सत्यशीलाबाईंनी हात ओढून घेतले.

शेपटीचा झटका नाही, पाण्याचा चुबुक नाही. टाकं तर कमरेएवढंच. पण बुडबुडे कितीतरी वेळ वर येत राहिले, फार खोलातून यावेत तसे.

"गेला?" भाभी मागे उभ्या होत्या. "सोताच गेला ना, बाई? शेपटी मारून?"

सत्यशीलाबाईंनी ओले हात पदराखाली घेतले. "हो, भाभी. जोरात मारली."

भाभी तिथंच बसल्या आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोकळं रडल्या. दुसऱ्या दिवशी फातेहा झाली. घरोघर शिरा गेला. भाभींनी स्वतः पोटभर खाल्लं. गल्ली म्हणाली, सुटली बिचारी.

सत्यशीलाबाईंनी तो शिरा खाल्ला आणि वाटी धुवायला घंगाळात हात घातला.

बऱ्याच वेळानं त्यांचे मालक, उकंडाभाऊ, मागच्या दारी आले. वाटी केव्हाची तळाशी गेली होती. नळाची धार चालू होती, आणि बायको घंगाळातल्या पाण्यात दोन्ही तळवे त्या धारेकडे करून, श्वास रोखून ओणवी उभी होती.

"काय धुवून राह्यली वं एवढा वेळ?"

"धुत नाही," त्या पुटपुटल्या. "हळू बोला..."