झाडाची मुळं आणि पायपुसणं

कात्री सासूबाईंच्या हातात होती आणि चेहऱ्यावर परोपकाराचं तेज!

"बघ गं, सगळ्या लोंबत्या दशा कापून टाकल्या," त्या म्हणाल्या. "एवढं भिंतीएवढं झाड विणलंस आणि खालची कड तशीच सोडलीस! लोक म्हणतील, सुनेला काठ दुमडता येत नाही."

सून कापलेल्या कडेपाशी धावली. त्या दशा नव्हत्या... ती मुळं होती! ओढ्याकाठची अंबाडी कापून, न्हाणीघरात कुजवून, साऱ्या घराला नाक दाबून जगायला लावून तिने सालीचा जो वाख सोलून काढला, त्यातून विणलेल्या झाडाची मुळं! वाचनालयाच्या भिंतीसाठी केलेलं, लग्नानंतरचं तिचं पहिलं मोठं काम...

पण ओठांशी आलेला हुंदका तिथेच थबकला. कात्री उजव्या हातात होती! अर्धांगाच्या झटक्यानंतर ज्या हाताने साधा चमचा धरला नव्हता, ज्याच्यासाठी सुनेने आपला माग माळ्यावर टाकून वर्षानुवर्षं तेल चोळलं होतं, तो हात... आणि बरा होताच त्याने पहिलं काम केलं ते तिच्याच कलेचा गळा कापण्याचं! नियतीला विनोदाची आवड असते. वेळेचं भान तेवढं नसतं.

आता रागावलं तर हा हात पुन्हा कात्री धरायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"छान झालं, आई," ती म्हणाली.

नवऱ्याने दोघींकडे पाहिलं आणि स्वभावानुसार वर्तमानपत्र उघडलं.

पुढच्या आठवड्यात ग्रंथपाल झाड न्यायला आले आणि खाली वाकून शोधू लागले. "ताई, मुळं कुठायत? मुळांवर भाळूनच तर समितीने हे पसंत केलं! आता नाही घ्यायचे हो ते..."

"मीच कापली. जड वाटत होती."

दारातल्या सासूबाईंनी हे ऐकलं. त्या तशाच वळल्या आणि उंबऱ्याशी ठेवलेलं पायपुसणं छातीशी कवटाळून आल्या.

"खोटं बोलतेय ती! मी कापली... टाकवेनात म्हणून हे विणलं. अगं, बोलली का नाहीस? सगळं घर तुझ्या मुळांवर पाय पुसतंय गं!"

"मी तर जाता-येता," नवरा प्रामाणिकपणे म्हणाला.

सून मात्र त्या पायपुसण्याकडे बघतच राहिली. घट्ट, एकसारखी वीण... कुठे कंप नाही, कुठे ढिलाई नाही!

"आई... हे ह्या हाताने?"

"मग काय पायाने?" म्हणत सासूबाईंनी टाहो फोडला, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, मध्ये ते पायपुसणं!

सुनेने ते स्वच्छ धुतलं, वाळवलं आणि झाडाच्या बुंध्याखाली शिवलं. झाड आता जमिनीवर उभं राहिलं! ग्रंथपालांनी चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहिलं.

"समितीला सांगतो," ते म्हणाले, "मुळं जमिनीत गेली."

समितीला पटलं. नव्या भिंतीसाठी आणखी एक झाडही मागितलं.

पंधरा दिवसांनी नवी अंबाडी कुजली आणि सून न्हाणीघरात गेली, तर नाकाला रुमाल बांधून सासूबाई तिच्या आधीच हजर, उजवा हात कोपरापर्यंत त्या घाण पाण्यात!

"सरक," त्या म्हणाल्या. "तुझ्याने नीट सोलवत नाही."