दोन बाजूंचा आवाज

आनंदरावांचे माझ्यावर फार उपकार. मी वर्ध्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो, आणि शहरातल्या कापूस-जिनिंगच्या विजेच्या मोटारी माझ्या रेडिओत इतकी खरखर घालायच्या की आकाशाचं काही ऐकूच येत नसे. नाचणगावच्या आनंदरावांनी आपल्या शेतातल्या गोठ्याचा एक कोपरा मला दिला. वर रोज तांब्याभर ताक. सत्तावन्नच्या फाल्गुनात माझं दुकान तिथं थाटलं होतं: लढाईनंतर भंगारात निघालेला रिसीव्हर, मोटारगाडीची बॅटरी, आणि बांबूवर तारा बांधून केलेला एरियल. एरियल बैलांच्या दमणीच्या जुन्या चाकावर बसवला होता, त्यामुळे तो हातानं हवा तिकडे वळवता येई, वरखाली झुकवताही येई.

मला हंस ऐकायचा होता. त्या तारकासमूहात एक फार दूरची दीर्घिका आहे आणि तिच्याकडून रेडिओलहरी येतात. त्या दिवसांत नवीनच कळलं होतं की लहरी तिच्यातून नव्हे, तिच्या दोन बाजूंच्या रिकाम्या आकाशातून येतात. माझ्या यंत्राला एवढं बारीक कुठलं कळायला! फाल्गुनात हंस सकाळी माथ्यावर येई आणि रिसीव्हरच्या कर्ण्यातली सळसळ किंचित वाढे. तेवढ्यावर मी खूश होतो.

"मास्तर, तुमचा हंस बोलत तं काईच नाई," आनंदराव म्हणायचे. "नुसता गहू उपणून राह्यला."

आवाज होताही तसाच, सुपातून दाणे सुटल्यासारखा.

त्यांच्या घरची एक रीत होती. उपणणी सुरू झाली की रास लागेपर्यंत खळ्यावर कोणी कोणाला हाक मारायची नाही. हाक मारली की रास आटते म्हणे. टाळ्या, खाणाखुणा यांवर सगळं चाले. मी त्यांना मुक्यांची सभा म्हणून चिडवत असे.

एके दिवशी उपणणी चालू असताना दुपारी वारा पडला. आनंदराव उपणायच्या तिपाईवरून उतरले आणि बांधाकडे चालत गेले. थोड्या वेळानं वारा फिरून आला, तसा त्यांचा धाकटा भाऊ तानबा तिपाईवर चढला. आनंदराव आले नाहीत. आनंदरावांच्या पत्नी बायजावहिनी हातातला झाडू थांबवून बांधाकडे पाहत, पुन्हा भुसा ओढत. हाक कोणी मारली नाही.

दिवस कलला तेव्हा रास लागली. मग तानबानं घसा फोडून "दादा!" म्हणून हाका घातल्या. बांध पाहिला, आंब्याखाली पाहिलं, गावात माणूस धाडला. आनंदराव कुठेच नव्हते. वहिनी राशीजवळ उभ्या होत्या, त्यांच्या ओठांना रंग उरला नव्हता.

मला काही सुचेना. बॅटरी सोडवून ठेवावी म्हणून गोठ्यात गेलो, तर कर्णा सळसळत होता.

हंस केव्हाच मावळला होता.

कुठली तरी मोटार असेल म्हणून मी चाक फिरवलं. एरियल नाल्यावरच्या बाभळीकडे वळला आणि सळसळ एकदम मोठी झाली. पुढे फिरवलं, शांत. आणखी फिरवलं, तर पडीक रानाकडून तेवढीच मोठी सळसळ. मागे फिरवून पुन्हा पाहिलं. आवाज दोन बाजूंना होता, मध्ये काहीच नव्हतं.

वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. "भाऊजी, हे काय वाजून राह्यलं?"

"कळत नाही, वहिनी. दोन जागांहून येतंय."

"अन् मंधात?"

"मध्ये शांत आहे." मग न राहवून मी म्हणालो, "पण हंसाचंही तसंच आहे. आवाज फेकणारा मध्येच असावा."

"मंग मंधातच चाला नं!"

मी पुन्हा एकदा चाक फिरवलं. आता बाभळीकडे शांत होतं. पडीक रानाकडेही शांत. एरियल मधल्या दिशेला धरून वर झुकवला, आवाज आला. जमिनीकडे झुकवला, पुन्हा आला.

दोन्ही आवाज फिरले होते. मध्य तोच होता.

त्या दिशेला नाल्याअलीकडे एक पडकी विहीर होती. आनंदराव गेले ती वाट ही नव्हे, म्हणून कोणी तिकडे फिरकलं नव्हतं. काठाचा दगड नुकताच निसटलेला दिसला.

तानबा मोटेचा नाडा धरून आत उतरला.

"दादा हाये," तो खालून म्हणाला. मग बऱ्याच वेळानं, "थंडा हाये."

आम्ही त्यांना वर ओढलं. अंग गार होतं. मी मनगट धरलं, नाडी लागली नाही. मी वहिनींकडे पाहिलं नाही.

गोठा लांब होता, तरी कर्णा ऐकू येत होता.

तो थांबला.

आनंदराव खोकले.

मी तिथंच मातीत बसलो आणि हात जोडले. कोणाला जोडले, ते विचारू नका. आजही रोज जोडतो.

पुढे वाचनात आलं की अशा दीर्घिकेच्या गाभ्यातून दोन उलट बाजूंना बारीक झोत सुटतात. अफाट अंतर ते न दिसता जातात आणि तिथल्या विरळ वायूवर आदळून फुगतात, रंगपंचमीची पिचकारी भिंतीवर फुटते तसे. आपल्याला ऐकू येतात ते हे फुगवटे. कधी झोतांची दिशाच बदलते. कोणी म्हणतं, गाभा भोवऱ्यासारखा कलतो. कोणी म्हणतं, बाहेरचं काही येऊन त्यात मिसळतं. नक्की कोणाला ठाऊक नाही.

आनंदराव त्यानंतर खूप जगले. लेकींची लग्नं केली, नातवंडं खांद्यावर खेळवली. दर फाल्गुनात मी नाचणगावला जात असे, आणि त्यांना ओसरीवर बसलेलं पाहून दर वेळी माझे डोळे भरत. ते हसायचे. "काऊन रडता, मास्तर? हावो नं मी."

एकदा वहिनी मला परसात घेऊन गेल्या.

"भाऊजी, तुमालेच सांगतो. त्या दिवसापासून यायच्या छातीवर कान ठेवला तं मंधात काईच वाजत नाई. धडधड दोन्ही काखांत आयकू येते, सारखीच. म्या कोणाले बोललो नाई. कायले बोलू? माणूस घरी हाये, देवाचे लय उपकार."

मी मान हलवली. मला त्यांचं पटलं होतं.

"पण औंदा काखांत वाजत नाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एक गळ्यापाशी गेलं, अन् एक खाली पोटात."

ओसरीवरून आनंदरावांनी चहा झाला का म्हणून विचारलं. वहिनींनी डोळे पुसले आणि आनंदानं ओ दिली.