आधी तुम्ही

चहाचे दोन कप. कोणीच न आणलेले.

दवाखान्यातल्या उशीखाली एक ओला कंगवा.

हिरवा दिवा. मग लाल.

"फोन बंद कर. विमान निघतंय."

काचेपलीकडे लहान लहान खिडक्यांची रांग, आणि त्यातल्या शेवटच्या खिडकीत हलणारा एक हात.

या तुकड्यांचा एकमेकांशी काय संबंध, हे सांगायला घेतलं की ऐकणारे आधी हसतात.

हसू देत. हे घडलंय.

रात्री नाही, सुनसान रस्त्यावर नाही… भर दुपारी, माणसांनी गजबजलेल्या विमानतळावर, डोळे दुखतील इतक्या उजेडात. ज्यांच्या बाबतीत घडलं त्या दोघी सख्ख्या बहिणी आजही त्याच विमान कंपनीत नोकरी करतात. मोठी चेक-इनच्या काउंटरवर. धाकटी हवाईसुंदरी.

दोघी पहिल्यांदाच एकत्र परदेशी फिरायला गेल्या होत्या. स्टाफच्या तिकिटावर, म्हणजे जवळपास फुकट. पण त्या तिकिटाला स्टँडबाय म्हणतात. सगळे प्रवासी बसले, आणि तरी जागा उरली, तर तुम्ही. नाही उरली, तर बसा बाकावर.

फिरणं अर्ध्यावर असताना वडिलांचा फोन आला. आईला दवाखान्यात ठेवलंय. दोन-तीन दिवसांत ऑपरेशन करायचं म्हणतात.

मग आईनं फोन घेतला.

"धाकटी जवळ आहे का?" तिनं मोठीला विचारलं.

"आंघोळीला गेलीय. का गं?"

"तुला एकटीला काहीतरी सांगायचंय."

"सांग की."

"फोनवर नाही. समोर बसून. ते मला आत न्यायच्या आधी ये."

आईचा आवाज असा कधीच नव्हता. कपाटाच्या तळातून काहीतरी काढायला वाकलेल्या माणसासारखा.

मोठीनं तिथल्या तिथे बॅगा भरल्या.

पहिलं विमान भरून गेलं. दुसरंही.

"आपल्याच कंपनीनं आपल्याला टांग मारली," धाकटी बाकावर पाय पसरून म्हणाली.

"पाय खाली घे. आणि ही फाटकी जीन्स घालून स्टाफ तिकिटावर? गेटवरून हाकलतील."

"फाटकी नाही, फॅशन आहे."

"फॅशन घरी. आपण फुकटे. फुकट्यानं कसं, सभ्य दिसायचं, शेवटी उभं राहायचं आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. गेटवर आवाज चढवला म्हणून तिघांची सवलत बंद झालेली मी पाहिलीय."

"हो गं, काउंटरबाई."

तिसऱ्या विमानाची दारं बंद व्हायची वेळ आली, तेव्हा गेटवरच्या माणसानं दोघींना खूण केली. दोन जागा उरल्या होत्या. शेवटच्या रांगेत, शेजारी शेजारी.

मोठीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

धाकटी पुढे पळाली. तिचा बोर्डिंग पास मशीनवर टेकला, हिरवा दिवा लागला, ती विमानाकडे जाणाऱ्या बोगद्यात वळली.

मोठी मशीनपाशी आली…

आणि तिला जाणवलं, मागे कोणीतरी उभं आहे.

अगदी जवळ. धावत आल्यासारखा श्वास.

आयुष्यभर काउंटरवर उभी राहिलेली बाई. विचारसुद्धा केला नाही तिनं. स्टाफच्या आधी प्रवासी, हे अंगात भिनलेलं. ती वळून न बघताच बाजूला सरकली, हात पुढे केला आणि कामावर असताना म्हणते तसंच गोड म्हणाली,

"आधी तुम्ही."

थंडगार काहीतरी तिच्या हाताला घासून गेलं.

मशीन वाजलं. हिरवा दिवा.

तिनं मान वर केली…

समोर कोणीच नव्हतं. मागेही कोणीच नव्हतं.

असेल एखादी घाईतली बाई, असं मनाशी म्हणत तिनं आपला पास टेकवला.

लाल.

पुन्हा टेकवला.

लाल.

गेटवरच्या माणसानं पडद्यावर पाहिलं. मग तिच्याकडे. "या नावाच्या बाई आत गेल्या, मॅडम."

"कोण बाई? हा माझा पास आहे."

"आत्ताच गेल्या. मी ओळखपत्र पाहिलं ना." तो घुटमळला. "तुमच्यासारख्याच होत्या. तुम्ही जुळ्या का?"

"माझं ओळखपत्र माझ्या गळ्यात आहे."

त्यानं तिच्या गळ्याकडे पाहिलं… आणि एक पाऊल मागे सरकला.

मग त्यानं विमानात फोन लावला. दोन शब्द बोलला, ऐकलं, ठेवला. "त्या बसल्यात. बहिणीशेजारी. सगळं बरोबर आहे म्हणतात."

"काही बरोबर नाही. मला आत जाऊ द्या. फक्त दारापर्यंत. माझी बहीण आहे आत."

"मॅडम, तुम्ही स्टाफ आहात. तुम्हाला मी काय सांगायचं?"

खरंच, तिला काय सांगायचं? हेच वाक्य तिनं स्वतः शेकडो लोकांना ऐकवलं होतं. दार बंद झालं की कोणासाठी उघडत नाही.

तिनं धाकटीला फोन लावला.

"हॅलो?"

"ऐक. उठ तिथून. तुझ्या शेजारी कोण बसलंय ते बघ."

पलीकडे सीटचा पट्टा खटकन लागला…

मग धाकटीचा आवाज, फोनपासून जरा लांब, दुसऱ्याच कोणाशी बोलावं तसा. "ताई, तुझ्या फोनवरून कोणीतरी बाई बोलतेय. फोन कुठे विसरलीस तू?"

आणि मोठीला ऐकू आला… स्वतःचा आवाज.

तोच. सर्दी झाल्यासारखा, जरा नाकातला.

"गेटवर राहिला वाटतं. जाऊ दे. फोन बंद कर. विमान निघतंय."

फोन कट झाला. पुन्हा लावला तेव्हा बंद होता.

ती काचेकडे धावली. विमान मागे सरकायला लागलं होतं. तिनं दोन्ही तळहातांनी काच बडवली. बाकांवरची माणसं बघायला लागली, एका आईनं आपलं पोर जवळ ओढलं.

शेवटच्या खिडकीत एक हात हलत होता.

सावकाश. ती काउंटरवरून प्रवाशांना हलवते, तसाच.

पुढचे कित्येक तास ते विमान आकाशात होतं. धाकटी त्यात होती, आणि तिच्या शेजारी ते होतं. मोठी जमिनीवर होती. तिला करता येण्यासारखं एकच होतं. तिनं वडिलांना फोन केला.

"बाबा, धाकटी येईल. तिच्याबरोबर कोणी आलं, तर त्याला आईजवळ जाऊ देऊ नका."

"कोण येणारे?"

"कोणीही असो. अगदी ओळखीचं वाटलं तरी."

"तुझी झोप झालेली दिसत नाही, बाळा. ये लवकर."

पगार गेला तरी चालेल म्हणून ती विकतचं तिकीट घ्यायला धावली. संध्याकाळच्या विमानात पैसे मोजूनही जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी एका वैमानिकाला दया आली आणि कर्मचाऱ्यांच्या घडीच्या खुर्चीवर, दाराला पाठ लावून, ती घरच्या दिशेनं निघाली. सगळ्या प्रवासात तिनं डोळे मिटले नाहीत.

विमानतळावरून थेट दवाखाना.

दाराशी वडील भेटले. दाढी वाढलेली, पण चेहरा निवांत.

"बाबा, कोण आलं होतं?"

"कोण येणार? तू सांगितलं होतंस ना, कोणाला सोडू नका म्हणून? मी दाराशी खुर्ची टाकून बसलोय. तुम्हा दोघींशिवाय कोणालाही आत सोडलं नाही."

मोठी त्यांना ओलांडून आत धावली.

आत आईला चाकांच्या खाटेवर घेतलं होतं. ऑपरेशनला न्यायची तयारी. तिचे केस ओले करून, चापून विंचरलेले, लहान मुलीसारखी घट्ट वेणी. वेणी कोणी घातली, हे मोठीनं विचारलं नाही.

"आलीस पण?" आई म्हणाली. "आत्ता तर गेलीस चहा आणायला."

"आई, मी आत्ताच येतेय. तुला काय सांगायचं होतं मला?"

आई हसली. कित्येक वर्षांत हसली नव्हती तशी. छातीवरचा दगड उतरलेल्या बाईसारखी.

"दोनदा नको सांगायला लावूस. एकदा सांगायलाच अख्खा जन्म गेला."

"मी ऐकलं नाही गं. शपथ. मी नव्हतेच."

"रात्रभर हात धरून बसलीस आणि नव्हतेच म्हणतेस?" आईनं तिच्या गालाला हात लावला. "तूच म्हणालीस ना, आता हा विषय कधी काढायचा नाही? मग काढू नकोस. किती शांतपणे ऐकलंस… मला वाटलं होतं, रडशील."

"आई, ती मी नाही."

नर्सनं खाट ढकलली. "बाजूला व्हा ताई, उशीर होतोय."

आणि मोठी बाजूला झाली. दुसरं काय करणार होती?

आई शुद्धीवर आली नाही.

मोठी आईच्या खोलीत परतली तेव्हा धाकटी रिकाम्या पलंगाकडे बघत उभी होती. उशीखाली एक ओला कंगवा, टेबलावर चहाचे दोन कप. वाफ निघत होती. धाकटीनं आणले नव्हते. मोठीनं तर नाहीच.

"तू कोणत्या दारानं आलीस?" धाकटीनं विचारलं.

"एकच दार आहे."

"मग मगाशी चहाला बाहेर जाताना तू मला दिसायला हवी होतीस. मी तेव्हा दारातच उभी होते."

मग मोठीनं सगळं सांगितलं. धाकटीनं ऐकून घेतलं. पण त्या रात्री झोपताना तिनं खोलीची कडी आतून लावली.

वर्ष उलटलं तरी ती मधेच काहीतरी विचारते. शाळेत आपल्या बाकावर कोण बसायचं? मला कुत्रं चावलं तेव्हा तू काय केलंस? मोठी उत्तरं देते. बरोबर देते. धाकटी मान हलवते… आणि तिच्याकडे पाठ करून कधीच बसत नाही.

मोठी तिला दोष देत नाही. तिला स्वतःला दुसराच प्रश्न खातो. आईनं काय सांगितलं? आईच्या ओळखीच्या सगळ्यांना विचारून झालं. मावशीला, शेजारच्या काकूंना, आईच्या जुन्या मैत्रिणीला. कोणालाच काही माहीत नाही. ते एकाच कानात गेलंय, आणि तो कान कुठे आहे, कोणाच्या घरात, कोणत्या रांगेत कोणाच्या मागे… काही पत्ता नाही.

त्या दिवशी विमान उतरायला लागलं तेव्हा शेजारची ती धाकटीला एकच गोष्ट विचारत होती, "आई मला काय म्हणून हाक मारते गं?" आणि ताई थट्टा करतेय असं वाटून, अर्धवट झोपेत, धाकटीनं सांगितलं होतं.