सुईचा दीड फेरा

सोमवारी दुपारी चार वाजता शहागडच्या दवाखान्याच्या दारात एक अनोळखी तरुण उभा राहिला आणि त्याने स्पिरिट मागितलं.

शरयू इंजेक्शनच्या सुया उकळत होती. तिने वर पाहिलं. पंचविशीतला माणूस, खाकी पँट, कोपरापर्यंत काळे झालेले हात, केसांतून निथळणारं पाणी.

“प्यायला हवं असेल तर पुढं चालू लागा,” ती म्हणाली. “या महिन्यातले तुम्ही चौथे.”

“मी न्हाई प्यायलो, बाई. हे प्यायलंय.” त्याने मूठ उघडली. तळहातावर बुचाचा एक काळपट तुकडा होता, काडेपेटीएवढा. “पेट्रोल पिऊन पिऊन जड झालंय. वाळवलं. आता वरून लाखेचा लेप द्यायचाय. चपडा सुताराकडून आणला, पण तो विरघळवायला स्पिरिट लागतं… एवढंसं. औंसभर बस्स.”

“कशाचा तुकडा आहे?”

“नावेच्या मशिनीचा.”

शरयूच्या हातातला चिमटा भांड्यावर तसाच राहिला.

गेल्या गुरुवारी ती त्याच नावेत होती. १९५४ चा ऑगस्ट. गोदावरी दोन्ही काठ भरून वाहत होती. पलीकडच्या वस्तीत पटकीची साथ होती आणि लस टोचायला जाण्याचं काम दवाखान्याची नर्स म्हणून तिच्याकडे आलं होतं. मध्यधारेत मशीन दोनदा खोकललं आणि बंद पडलं. नाव आडवी झाली. पुढची अकरा मिनिटं तिने मनगटावरच्या घड्याळात मोजली, कारण दुसरीकडे कुठे बघायची हिंमत नव्हती. शेवटी नावाडी रखमाजीने वल्ह्यांच्या जोरावर नाव दीड मैल खाली, याच काठाला लावली. लस पोचली नाही. त्यानंतर पलीकडे तीन माणसं दगावल्याचा निरोप आला होता.

येत्या गुरुवारी पुन्हा जायचं होतं. पाच दिवस तिच्या घशाखाली जेवण उतरत नव्हतं, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

तिने बाटली काढली आणि औंसाचं माप काठोकाठ भरलं. मग थांबून म्हणाली, “एवढ्याशा बुचानं नाव बंद पडते?”

“या बुचावरच सगळं.” तो उंबऱ्यावर टेकला. “कार्बोरेटरला एक वाटी असते. तिच्यात पेट्रोल येतं, हे बूच तरंगत वर येतं आणि रस्ता बंद करतं. बूच जड झालं की तरंगत न्हाई. मंग पेट्रोल येतच राह्यतं, आणि मशीन गुदमरतं. माणसासारखंच हाय.”

“माणसाचं मला माहीत आहे. नाव काय तुमचं?”

“मुकुंद. जालन्याच्या एका जिनिंगात इंजनावर असतो. इथल्या नावेच्या उताराच्या ठेकेदारानं चार दिवसांसाठी बोलवलंय.” माप हातात घेऊन तो उठला. “परत आणून देतो.”

“रिकामं?”

“भरून कसं आणू? तुम्ही तर प्यायला देत न्हाई…”

तो गेल्यावर तिच्या लक्षात आलं की भांड्यातलं पाणी आटून सुया कोरड्या पडल्या आहेत.

मंगळवारी साडेपाचला दवाखाना बंद करून ती उतारावर गेली. मशीन नीट होतंय का ते पाहायला, असं तिने स्वतःला सांगितलं. नाव काठाला जाड दोराने बांधली होती. मुकुंदने धोतराच्या फडक्यावर सगळे भाग ओळीने मांडले होते. पितळी वाटी, सुई, बारीक भोकाचा एक नळीचा तुकडा. आणि मध्ये ते बूच, लाखेच्या तीन लेपांनी मधासारखं चकाकणारं.

“लढाईच्या वेळचं मशीन हाय,” तो म्हणाला. “ठेकेदारानं लष्कराच्या लिलावात घेतलं. नवे भाग मिळत न्हाईत. जे हाय तेच साफ करून बसवायचं.”

त्याने घोड्याच्या शेपटीचा एक केस नळीच्या भोकातून ओवून काढला, फुंकर मारली, उजेडाकडे धरून एक डोळा मिटला. असंच ती सुईचं भोक तपासत असे.

तासाभराने कार्बोरेटर जागेवर बसला. “बाई, एक काम करता? मी दोरी ओढणार, मला दोन्ही हात लागतात. ही सुई तुम्ही फिरवा, तिनं पेट्रोल कमीजास्त होतं.”

“मी? नावेत?”

“बांधलेली हाय. गुडघाभर पाण्यात हाय.”

तिने पाय ठेवला. नाव हलली. तिने दोन्ही हातांनी कड पकडली. त्याने पाहिलं, पण तो हसला नाही. तिची पकड सुटेपर्यंत तो थांबला.

“आधी सुई बंद करा. हळूच. जोर लावला तर टोक बिघडतं. आता दीड फेरा उघडा.”

“दीडच का?”

“तिथून सुरुवात. पुढचं कान सांगतो.”

चौथ्या ओढीला मशीन धूर ओकत सुरू झालं. ती बोटांच्या टोकांनी सुई आत नेत गेली. आवाज अडखळला, मग सुधारला, मग—

“बस्स! हीच जागा.”

ती थांबली नसती म्हणून असेल, किंवा नसेलही; त्याचा हात तिच्या हातावर आला. लगेच मागे गेला. तिच्या मनगटावर चार बोटांचा काळा ठसा उमटला. घरी गेल्यावर तिने तो साबणाने धुतला. पुरता निघाला नव्हता. पुन्हा धुवायचा मात्र राहून गेला.

बुधवारी तो माप परत द्यायला आला. बाहेर रिपरिप चालू होती. आत रोगी नव्हते.

“मशीन सकाळी दोन तास चालवलं,” तो म्हणाला. “एकदाही बंद पडलं न्हाई. उद्या तुम्ही जाऊन या. शुक्रवारच्या मोटारीनं मी जालन्याला.”

शरयूने माप घेतलं. आठवडाभर तिला एकच भीती होती, मशीन बिघडण्याची. आता दुसरी आली. मशीन बिघडलं तर बुडायचं, आणि दुरुस्त झालं तर हा माणूस परवा निघून जाणार.

“तुम्हाला पोहता येतं?” तिने विचारलं.

“न्हाई.”

“मग उद्या नावेत बसू नका.”

“तुम्हाला येतं?”

“नाही.”

“मंग मी बसणार,” तो म्हणाला आणि टॉवेल डोक्यावर घेऊन पावसात निघून गेला.

गुरुवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी नाव सुटली. रखमाजी पुढे, वल्ही आडवी ठेवून. मध्ये शरयू, मांडीवर लसीची पेटी. मागे मशिनीपाशी मुकुंद. पाणी मातकट होतं. एक अख्खं बाभळीचं झाड मुळांसकट वाहत गेलं. ती घड्याळाकडे बघत राहिली. तीन मिनिटं. पाच. सात.

मशीन खोकललं.

पुन्हा खोकललं, आणि बंद पडलं.

त्यानंतरची शांतता तिला ओळखीची होती. शांतताही नव्हे, फक्त पाण्याचा आवाज. नाव हळूहळू आडवी व्हायला लागली.

“मिस्त्री!” रखमाजी ओरडला. “जल्दी करा! खाली खडक हायेत!” त्याने दोन्ही वल्ही पाण्यात खुपसली.

मुकुंद वाटीच्या खालच्या स्क्रूशी झटत होता. पाना दोनदा घसरला. शरयूने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं, तो तिच्याहून जास्त घाबरलाय. ती पेटी खाली ठेवून रांगत मागे गेली आणि तिने त्याचं मनगट धरलं. दवाखान्यात नाडी बघायला धरायची तसंच.

“एकशे तीस,” ती म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. “श्वास सोडा. आता फिरवा.”

“आणि… तुमची किती?”

“मोजायला इथं दुसरी नर्स नाही. फिरवा.”

स्क्रू सुटला. “हात धरा खाली,” तो म्हणाला. तिने ओंजळ धरली. थंडगार पेट्रोल तळहातावर सांडलं, बघता बघता उडून गेलं. पण मागे काहीतरी राहिलं. गोल, टपोरे, हलणारे थेंब.

“पाणी,” ती म्हणाली.

“पाणीच. पेट्रोलच्या खाली बसतं आणि तोंड अडवतं.” तो चक्रावला होता. “काल मी गाळून भरलं. दोन तास चाललं. रात्रीतून टाकीत पाणी आलं कुठून?”

रखमाजी वल्हं मारता मारता थबकला. “पाणी न्हाई ते, मिस्त्री. तीर्थ हाय.”

“काय?”

“गंगामाईचं तीर्थ. गिऱ्हाईक न्यायचं असलं की पहाटेच दोन पळ्या घालत असतो मशिनीच्या टाकीत. पूर आल्यापासनं. माणूस निघाला तर त्याच्या मुखात घालतो, मंग मशिनीच्या का न्हाई? तिलाच तर वढायचं असतंय.”

काठावरच्या चाचण्यांत मशीन का बंद पडत नव्हतं, ते आता दोघांनाही कळलं: तिथं गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून तीर्थही नव्हतं. मुकुंद काहीतरी जोरात बोलणार होता. मग त्या साठीच्या माणसाचे ताणलेले खांदे पाहून त्याने तोंड मिटलं.

“रखमाजी, यापुढं तीर्थ मला द्या,” तो म्हणाला. “वल्ही सोडू नका.”

त्याने वाटी तीन वेळा रिकामी केली. तिन्ही वेळा शरयूने ओंजळ धरली. तिसऱ्या वेळी हात पूर्ण कोरडा झाला. खडकांवरचा फेस आता दिसायला लागला होता. स्क्रू बसला. त्याने दोरी गुंडाळली.

“सुई,” तो म्हणाला.

तिची बोटं आधीच तिथे होती. आत, हळूच. जोर न लावता. आता दीड फेरा बाहेर. पहिली ओढ, काही नाही. दुसरी, नुसता धूर. तिने डोळे मिटले. तिसऱ्या ओढीला मशीन धडधडलं; डोळे न उघडता तिने आवाज ऐकत सुई किंचित आत घेतली… आणि थांबली. बरोबर जागेवर.

या वेळी तिचा हात थांबवायला कोणी आलं नाही. तो नुसता बघत होता.

पलीकडच्या काठाला नाव लागली तेव्हा नऊ वाजून एक्केचाळीस मिनिटं झाली होती. वस्तीवरची माणसं वर उभी होती. शरयूला आठ दिवस तिथेच राहायचं होतं. मुकुंदने पेटी चिखलातून वर आणून दिली.

“मी उद्या जातो,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“घरी… आईला काही सांगू का?”

“काय सांगायचंय?”

“हेच. शहागडला एक नर्सबाई हाय म्हणून. रखमाजी म्हणतो, जाफराबादकडची. भित्री हाय, पण हात थरथरत न्हाई. तिच्या वडिलांना भेटायला जायचं का, असं.” तो आपल्या पायांकडे बघत होता. “तुमची ना असेल तर न्हाई सांगत.”

“बाई, चला!” वरून एक बाई रडवेल्या आवाजात ओरडली. “माझ्या सासूला बघा, डोळे आत गेलेत!”

शरयू पेटी घेऊन धावली. दहा पावलं गेली, वळली. तोवर तो नावेत बसला होता, मशीन सुरू झालं होतं. ती काहीतरी म्हणाली, पण ते त्या धडधडीत तिच्या तिलाच ऐकू आलं नाही. नाव काठापासून दूर जायला लागली. दहा हात. वीस. तीस…

आणि मशीन बंद पडलं.

तिच्या हातातली पेटी खाली टेकली. ती उतारावरून पळत सुटली, चिखलात, मग पाण्यात. ज्या पाण्याकडे बघायची तिला भीती वाटायची, ते गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा तिला कळलं की आपण त्यात उभ्या आहोत.

“काय झालं?” ती जीव खाऊन ओरडली. “पुन्हा पाणी आलं का?”

मुकुंद नावेत उभा होता. दोन्ही हात तोंडाभोवती धरून.

“बिघडलं न्हाई! मीच बंद केलं! आवाजात तुमचं ऐकू आलं न्हाई!”

“अहो मिस्त्री, वेडे झाले का?” रखमाजी वल्ह्यांना लटकून ओरडत होता. “बाई, जे असंल ते जल्दी बोला! मी म्हातारा माणूस हाय, किती धरून ठेवू?”

“हो!” शरयू ओरडली. “हो म्हटलं मी! सांगा आईला! आणि आता आधी ते मशीन चालू करा!”

त्याने दोरी ओढली. काही झालं नाही. दुसऱ्यांदा ओढली. ती पाण्यात उभी राहून, घड्याळ विसरून, श्वास रोखून ऐकत होती.

तिसऱ्या ओढीला मशीन सुरू झालं.